मदत हवी आहे : कमी मिठाचं जेवण सासऱ्यांच्या गळी कसं उतरवायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, शिवाय हृदयाचं पंपिंगही कमी आहे. डिस्चार्जच्या वेळी छापील कागद मिळाला: तळलेलं, तुपकट, खारट बंद. मग खायचं काय, त्यावर अवाक्षर नाही!

दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम सपाट चमचाभर. लोणचं, पापड, फरसाण गेलं. वनस्पती तुपातली खारी आणि नाक्यावरचा वडापावही. खायच्या सोड्यातही सोडियम असतं, म्हणून विकतचा ढोकळा बंद.

खरी पंचाईत खाऱ्या बांगड्याची. आम्ही कोकणातले, पावसाळ्यात तो तव्यावर चुरचुरला नाही तर सासरे ताटावर फुगून बसतात. सोडे, सुके बोंबील नुसत्या उन्हात वाळवलेले मिळतात, पण बांगडा मिठातच मुरवलेला. पाणी बदलत भिजवला तर पुरेसं मीठ निघतं का, की नादच सोडायचा?

शेजारच्या काकू म्हणतात, कमी सोडियमवालं मीठ आणा. त्यात पोटॅशियम असतं आणि सासऱ्यांना स्पायरोनोलॅक्टोनची गोळी चालू आहे, त्यानेही पोटॅशियम वाढतं; ते फार वाढलं तर हृदयाला धोका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात येणार नाही, तेव्हा कृपया तो सल्ला नको.

आमटी, कालवणाला कोकम, लिंबू, मिरपूड सोडून आणखी काय घालता? आणि भाकरी-कालवण समजून घेणारे आहारतज्ज्ञ ठाण्यात कुणाला माहीत आहेत का? ओट्स सुचवणारे भेटून झालेत.