'पसारा काढ' आणि 'अडगळ काढ' उलटे कसे काय? (डिक्लटरला, म्हणजे नको ते सामान कमी करण्याला, तुमच्याकडे काय म्हणतात?)

लालबागकर:
भांडण आईशी झालंय पण प्रश्न भाषेचा आहे म्हणून इथे टाकतेय. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीये, दोन महिन्यांत खोली खाली करून भाड्याच्या जागेत जायचंय, तर मी ऑफिसातून आईला मेसेज टाकला की आज जमेल तेवढा पसारा काढून ठेव, आल्यावर बघू काय न्यायचं. संध्याकाळी येऊन बघते तर मातोश्रींनी खरंच पसारा काढलेला. माळ्यावरची पितळी घागर, रॉकेलचा स्टोव्ह, डालडाचे डबे, माझी पाचवीपासूनची प्रगतीपुस्तकं, सगळं खाली जमिनीवर, चप्पल काढायलाही जागा नाही. मी म्हटलं अगं काढ म्हणजे कमी कर, तर म्हणते मग तसं सांग ना, पसारा काढ म्हणालीस, काढला.

आणि ती बरोबर आहे! 'काय पसारा काढून बसलीयेस' म्हणजे मांडून बसलीयेस. पण 'अडगळ काढली' म्हटलं की घरातून गेली. क्रियापद तेच, एकात घर भरतं आणि एकात रिकामं होतं. मग डिक्लटरला म्हणायचं काय? आणि इंग्रजीवाले हाच शब्द घरालाही लावतात नि कॅलेंडरलाही, म्हणजे कपाट पण डिक्लटर आणि आठवडा पण डिक्लटर. आपल्याकडे दोन्हीकडे चालेल असा एक शब्द आहे का?

पार्लेकर:
मिनिमलिझमला, म्हणजे मोजक्या वस्तूंत राहण्याला, किमानवाद, अल्पवाद असं काय काय वाचलंय मी. किमान म्हटलं की मला बातम्यांमधलं किमान तापमान आठवतं. कुलाबा वेधशाळेनं आज किमान सामान नोंदवलं, असं काहीतरी 😀 जुना शब्द हवा तर अपरिग्रह आहेच की.

गावदेवी:
अपरिग्रह अर्थाला अगदी बरोबर आहे हो पण त्याचं वजन बघा. पतंजलीच्या योगसूत्रात पाच यम आहेत, अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि शेवटी अपरिग्रह. जैनांच्या पाच महाव्रतांतही तो आहे. गांधीजींच्या आश्रमाच्या अकरा व्रतांचा जो श्लोक प्रार्थनेत म्हणतात त्यात मात्र तिथे 'असंग्रह' आहे, आणि तो मला जरा जवळचा वाटतो, कारण संग्रह हा शब्द आपण रोज वापरतो. आमच्या घरापासून मणिभवन चालत पाच मिनिटांवर, १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे, दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली बघून या एकदा, बैठक आणि चरखे, बास.
पण व्रताचा शब्द व्रतालाच शोभतो. 'आई, बेडबॉक्सचा अपरिग्रह कर' असं म्हणून बघा, आई काय म्हणेल ते इथे कळवा.

बीडीडीवाला:
माझं थोडं वेगळं मत आहे आणि जरा कडू आहे, राग नको. मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधल्या त्या चाळी, त्यावरूनच नाव. खोली १६० चौरस फूट, आम्ही सात जण. आमच्याकडे वस्तू कमी होत्या, त्याला कोणी मिनिमलिझम म्हणालं नाही, 'बेताचं' म्हणायचे. त्यांचं बेताचंच आहे हो. आता तेच मोठ्या फ्लॅटवाल्याने पांढऱ्या भिंती आणि एक कुंडी ठेवली की ते 'मोजकं'. बेताचं म्हणजे नाहीये म्हणून नाही, मोजकं म्हणजे परवडत असून घेतलं नाही. शब्दचर्चा करताय तर हा फरक लिहून ठेवा.
आणि दुसरं, जागा कमी म्हणून सामान कमी हे कोणी सांगितलं. आमचा माळा, म्हणजे खोलीतला, मजला नव्हे (मुंबईत माळा म्हणजे दोन्ही, बाहेरून आलेला माणूस 'तिसऱ्या माळ्यावर ठेवलंय' ऐकून गोंधळतो), तर त्या माळ्यावर दोन माणसं झोपायची आणि त्यांच्या पायाशी ट्रंका. त्यात काय होतं ते माझ्या आजीला पण माहीत नव्हतं. आता म्हाडाच्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटाचं घर. आईचं पहिलं वाक्य, 'माळा कुठाय?'

डोंबिवली फास्ट नाही स्लो:
आमच्याकडे डिक्लटरला 'गावाक पाठव' म्हणतात. जुनी गादी, बिघडलेला मिक्सर, सोफा, सगळं गणपतीला टेम्पो करून कोकणात. 'गावच्या घरी लागतलाच'. आता गावचं घर म्हणजे मुंबईचा माळा झालाय, आणि घर बंद असतं ११ महिने.

कोशवाली:
प्रतिसाद लांब होणार आहे, भाषांतराची कामं करते आणि हा शब्द मला दर महिन्याला छळतो त्यामुळे खूप साचलंय.

आधी पसारा आणि अडगळ. पसारा मूळ प्रसर-प्रसारातला, पसरलेलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत मधलं पसरणं तेच. म्हणजे पसाऱ्यात वस्तू वाईट नसते, फक्त जागेवर नसते. शाईपेन, चार्जर, दप्तर, वाळत टाकलेला टॉवेल, सगळं उद्या लागणारं. अडगळीचं उलट, ती अगदी नीट, कापडात बांधून, नॅप्थलिनच्या गोळ्या घालून वर ठेवलेली असू शकते, जागेवरच असते, लागत मात्र नाही. म्हणून पसारा 'आवरायचा' आणि अडगळ 'काढायची'. पसारा काढला म्हणजे जागेवरच्या वस्तू बाहेर काढल्या, तो पसरला. अडगळ काढली म्हणजे घराबाहेर काढली. लालबागकर, काकू शंभर टक्के बरोबर, तुम्ही 'अडगळ काढ' म्हणायला हवं होतं, पण मग त्यांनी विचारलं असतं, अडगळ कोण ठरवणार. खरं भांडण तिथेच आहे. डालडाचा डबा तुमच्या लेखी अडगळ आणि त्यांच्या लेखी 'असू दे, लागेल'. या 'लागेल'ला काळाची मर्यादाच नाही, मराठीतला हा सगळ्यात लांबचा भविष्यकाळ.

डिक्लटरचं भाषांतर करताना इंग्रजीत वस्तू जाते एवढंच कळतं, कुठे जाते ते कळत नाही. मराठीत मात्र आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत आणि नुसती जागा बदलली की सगळं बदलतं. टाकून दे. देऊन टाक. पहिल्यात वस्तू भंगारात, दुसऱ्यात कोणाच्या तरी घरी. आणि 'देऊन टाक' मधल्या टाकला एक सुटकाही आहे, एकदाचं देऊन टाक, परत मागायचं नाही की मनात ठेवायचं नाही. बोहारणीला साड्या देणं या दोघांच्या मधलं, तिथे बदल्यात स्टीलचं पातेलं घरात येतं, म्हणजे एक गठ्ठा गेला आणि एक भांडं वाढलं, माझ्या आजीचं डिक्लटरिंग असं कायम बरोबरीत सुटायचं.

आता आवरणे. माझं मत याच शब्दाला, घरालाही आणि वेळालाही. घर आवर, कपाट आवर, वेण्या आवर, 'आवरलं का?' म्हणजे तयार झालीस का. पण त्याच शब्दानं राग आवरतो, हसू आवरत नाही, मन आवर, खर्चाला आवर घाल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७, इथेच मुंबईत छापलेली) उघडला तर काबूत ठेवणं हा अर्थ त्यातही आहेच. म्हणजे आपण कपाट आवरतो तेव्हा नकळत म्हणत असतो की हे हाताबाहेर चाललं होतं. डिक्लटरमध्ये दोष वस्तूंचा, आवरण्यात दोष आपला. जपानी मारी कोंडो बाईंची घर आवरायची पद्धत आहे ना, कपडे, मग पुस्तकं, मग कागद, मग कोमोनो आणि आठवणीच्या वस्तू अगदी शेवटी, तर त्यातल्या कोमोनोला, म्हणजे बारीकसारीक सटरफटर वस्तूंना, मी 'किडुकमिडुक' लिहिलं, संपादकांनी 'इतर वस्तू' केलं. आवरतं घेते.

बदलापूर लेडीज:
शेवटचे दोन शब्द बघा, उत्तर तिथेच आलं की 😀 आवरतं घेणं. गणेशोत्सवाच्या सभेत वक्त्याला चिठ्ठी जाते 'आवरतं घ्या', तेच आठवड्याला लावायचं. मी तेच केलंय यावर्षी. जाऊन येऊन तीन तास लोकलमध्ये, त्यात सोसायटीच्या कमिटीत, दोन भिश्या, शनिवारी मुलाचा ॲबॅकस, रविवारी माझं ढोलपथक आणि कोणीतरी विचारलं म्हणून एका दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन. याला आमच्याकडे शब्द आहे 'व्याप'. सासूबाई म्हणायच्या, व्याप वाढवून ठेवलायस. पसारा जमिनीवर पसरतो आणि व्याप अंगावर. कामं 'अंगावर घेतो' म्हणतोच ना आपण.
पण सोडताना काय म्हणायचं? 'अंग काढून घेतलं' म्हटलं की पळपुटी. 'हात वर केले' म्हटलं की बेजबाबदार. कमी करण्याबद्दल मराठी शब्द बहुतेक संशयीच आहेत. रिकामा आणि मोकळा बघा, मोकळा वेळ चांगला, रिकामा वेळ म्हणजे तुम्ही रिकामटेकडे. भिशीत मी सांगितलं की या महिन्यापासून आवरतं घेतेय, कोणाला राग आला नाही, उलट दोघींनी विचारलं कसं काय जमवलंस. 'नको' म्हणाले असते तर वर्षभर ऐकलं असतं. आता बुधवारी संध्याकाळी सवड असते. वेळ नाही, सवड. वेळ घड्याळात असतोच, सवड काढावी लागते. (इथे पण काढणे आलं बघा.)

कुर्ला ग्राउंड फ्लोअर:
आमची अडगळ २६ जुलै २००५ ला मिठी नदीनं काढली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. पलंगाखालचं सगळं गेलं, फ्रीज आडवा तरंगत होता. त्यानंतर आमच्या घरात पलंगाखाली काही ठेवत नाहीत, आणि त्याला काही शब्द पण नाही, बाबा नुसतं बोट दाखवतात.

कोशवाली:
कुर्ला, 🙏

गावदेवी:
एक राहिलंच. स्वीडिश लोकांत डोस्टेडनिंग म्हणून शब्द आहे, डो म्हणजे मरणं आणि स्टेडनिंग म्हणजे साफसफाई, आपण गेल्यावर मागच्यांना निस्तरावं लागू नये म्हणून आपलं सामान आपणच आधी कमी करून ठेवायचं. लोक फार नवल करतात त्याचं. आपल्याकडे 'निरवानिरव' हा सुंदर शब्द आधीपासून आहे, निरवणे म्हणजे सोपवणे, जबाबदारी कोणाच्या तरी हाती देणे. कुठली चावी कुठे, कुठली पाटली कोणाला, कोणाचे पैसे द्यायचे राहिलेत. फक्त म्हातारं माणूस तसं बोलायला लागलं की आपण लगेच 'कसली निरवानिरवीची भाषा करता' म्हणून गप्प करतो. तिकडे त्याची पुस्तकं निघतात आणि इकडे ते अभद्र.

पार्लेकर:
आणि गाशा गुंडाळणे, चंबूगबाळं आवरणे? गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं कापड ना? घोडेस्वाराचं डिक्लटरिंग.

बीडीडीवाला:
ते निघून जायचं, कमी करायचं नाही. घर सोडताना सगळं घेऊन जातात ते चंबूगबाळं. आमचं झालंय ते.

लालबागकर:
सगळ्यांना थँक्यू. अपडेट देते. गावदेवी, आईला अपरिग्रह म्हणून बघितलं, ती म्हणाली तू जेवलीस का.
कोशवालींचं वाचून रविवारी दोन मोठी खोकी केली, एकावर मार्करनं 'टाकून द्यायचं' आणि दुसऱ्यावर 'देऊन टाकायचं'. आईला पटलं, चक्क स्वतः बसली, 'आवरतेय' म्हणाली, आणि जे मी अडगळ म्हणत होते त्यातलं निम्मं तिनं बिनबोभाट देऊन टाकण्यात घातलं, घागर आत्याला, स्टोव्ह गावाला (हो, आमचं पण गाव आहे). टाकून देण्यात मात्र फक्त माझी प्रगतीपुस्तकं. मी ती परत काढून घेतली, लागतील.
गडबड अशी झाली की भंगारवाला आला तेव्हा मी मोरीत होते, त्यानं बाहेरून विचारलं कुठलं न्यायचं, शेजारच्या काकांनी खोक्यावरचं वाचून सांगितलं 'ते, टाकायचंवालं', आणि दोन्हीवर टाक होतंच. आत्याची घागर वजनकाट्यावरून परत आणली. आता एका खोक्यावर 'आत्या' लिहिलंय आणि एकावर 'भंगार'.