प्रतिसाद: व्हिसलरचं लॉवेलमधलं घर

चित्रकार व्हिसलर जन्मला अमेरिकेतल्या लॉवेल गावात, आणि त्याचं तिथलं घर आता संग्रहालय आहे. ज्याला लॉवेल नकोच होतं त्याच्या घराला वर्गणी कशाला, असं वर कुणी विचारलंय, पण तो मुद्दा अर्धाच खरा आहे. १८७८ मध्ये लंडनच्या कोर्टात व्हिसलरने शपथेवर आपला जन्म रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचा सांगितला हे बरोबर, पण त्याच वर्षी इकडे लॉवेल या गिरणीगावात लॉवेल आर्ट असोसिएशन ही कलासंस्था सुरू झाली आणि १९०८ मध्ये तिनेच हे १८२३ चं घर विकत घेऊन जपलं, म्हणजे ते त्याच्याइतकंच तिथल्या चित्रकारांचंही आहे ना. आणि नुसत्या तिकिटावर नका थांबू, वार्षिक सभासद व्हा. त्याची एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं) कागदावरची, जास्त उजेड लागला की कागद पिवळा पडतो, दमट हवेत बुरशी धरते, त्यामुळे पाहुणे नसले तरी खर्च चालूच राहतो.