लेजांद्रचं हे चित्र नक्की कुणाचं?

अकरावीच्या वर्गात गणितज्ञांची चित्रं लावतेय. आद्रियें-मारी लेजांद्रचं बाजूने दिसणारं ते शिळाछाप चित्र चुकीचं आहे म्हणतात. खरं का?

— हो, लावूच नका ताई! तो लुई लेजांद्र, पॅरिसचा खाटीक आणि राज्यक्रांतीतला पुढारी. १७९७ मध्ये वारला. आडनाव तेवढं एक. २००५ पर्यंत गणिताच्या पुस्तकांत त्याचाच चेहरा छापला जात होता. लघुतम वर्गांची पद्धत (मोजमापांतल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी रीत) १८०५ मध्ये प्रथम छापणाऱ्या माणसाच्या वाट्याला परक्याचा चेहरा यावा, याचं मला फार वाईट वाटतं.

— मग खरा चेहरा?

— फ्रेंच चित्रकार बोयीचं १८२० चं जलरंगातलं व्यंगचित्र. विस्कटलेले केस, कपाळाला आठ्या, शेजारी गणितज्ञ फूरिए. तेच लावा.

— आजच छापून घेते, सर.