दुकानामागचा रात्रवर्ग

अमेरिकेतल्या शाळांत वॉशिंग्टन-लिंकन या राष्ट्राध्यक्षांची चरित्रे नीट शिकवली की मुले मोठेपणी आपोआप मतदान करतील, असे काही जण म्हणतात. मला पटत नाही. थोरांच्या चरित्रांनी आदर वाटतो, पण "यात मी काय करू?" हा प्रश्न तसाच राहतो.

त्यापेक्षा दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडची गोष्ट सांगा. मतदार नोंदणीसाठी तिथे राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे आणि ही अट कृष्णवर्णीयांना दूर ठेवायला वापरली जाई. इसॉ जेंकिन्स स्वतःची बस चालवत. ते प्रवासातच लोकांना तो मजकूर शिकवू लागले. १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा रात्रवर्ग सुरू झाला. शिकवायला बर्निस रॉबिन्सन, ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या बाई! त्यांनी आधी लोकांनाच विचारले, काय शिकायचे आहे? सही करणे, मनीऑर्डर भरणे, बायबल वाचणे, अशी उत्तरे आली. धडे त्यातूनच बनले. शिक्षिका आणि नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्या सेप्टिमा क्लार्क यांनी हे वर्ग पुढे दक्षिणेतल्या अनेक राज्यांत नेले.

हा धडा झाला की त्याच तासाला मुलांना नोंदणीचा अर्ज दाखवावा. कॅलिफोर्नियात तर सोळाव्या वर्षीच पूर्वनोंदणी करता येते.