शब्दचर्चा : भाटकार, मुंडकार आणि ‘बसवणे’

पुण्याहून : गोव्यातल्या एका मराठी दैनिकात ‘भाटकार-मुंडकार वाद मामलेदारांपुढे’ असा मथळा वाचला. आमच्याकडे भाट म्हणजे राजाची स्तुती गाणारा. इथं अर्थ काय?

म्हापशाहून : इथला भाट म्हणजे माडांची बागायत, आणि भाटकार तिचा मालक. त्याच्या जागेत घर करून राहतो तो मुंडकार. शेत कसतो ते कूळ. कूळ आणि मुंडकार एकच माणूस असू शकतो, पण कायदे वेगळे. मुंडकाराला १९७५च्या कायद्यानं घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. तो दावा मामलेदाराकडे चालतो.

फोंड्याहून : आमचं घर भाटकारांचं. मुंडकार आम्हाला घरच्यासारखे. आजोबांनी कितीतरी कुटुंबं भाटात बसवली, लग्नाकार्याला तांदूळ दिले. या शब्दांना कडवटपणा नंतरच्या राजकारणानं आणला असं मला वाटतं.

डिचोलीहून : मी मुंडकाराची नात. तुमच्या आजोबांच्या मायेवर मला शंका नाही, पण ‘बसवली’ या क्रियापदाशी थांबा. त्यात कर्ता भाटकार, कर्म आम्ही. आमच्या घरी हा शब्द मी कधीच ऐकला नाही. आजी म्हणायची, ‘आम्ही इथं राहतो.’ भाट राखायचा तिनं, आणि माडाचा नारळ आमच्या अंगणात पडला तरी तो मोठ्या घरी पोचवायचाही तिनंच. तिथं पायरीखाली चपला काढून उभी राहायची, आतून हाक येईपर्यंत. तिच्या कष्टाला नाव नव्हतं. लग्नाच्या तांदळाला मात्र ‘दिले’ हे नाव होतं.

ज्या घरात ‘आम्ही दिलं’ ऐकत माणूस वाढतो, त्याला गरिबी म्हणजे कुणीतरी द्यायची राहिलेली गोष्ट वाटते. मग ‘खाणकंपनीनं नोकऱ्या दिल्या’ हे वाक्यही त्याला सरळच वाटतं. मी विचारते, राबलं कोण?

म्हापशाहून : मग दयानंद बांदोडकरांचं काय? गोव्याचे पहिले मुख्यमंत्री स्वतः खाणमालक होते, तरी कुळं-मुंडकार त्यांच्याच मागे उभे राहिले.

डिचोलीहून : उभे राहिले, कारण त्यांच्या पक्षाच्या तोंडी ‘कसेल त्याची जमीन’ होतं. त्या वाक्यात कर्ता कसणारा आहे. पण एक खरं, घर एकच असून वाक्यं दोन होतात. २०१२मध्ये खाणी थांबल्या तेव्हा माझा चुलतभाऊ, त्याच आजीचा नातू, म्हणत होता, ‘कंपनीनं आम्हाला जगवलं.’ खनिज वाहणारे त्याचे दोन ट्रक दारात उभे होते, कर्जाचे हप्ते चालू होते. ज्यांच्या शेतात खाणीची माती उतरली ते ‘कंपनीनं शेत खाल्लं’ म्हणत. बालपण एकच, पण पोट कशावर चालतं त्यानं क्रियापद बदललं. त्याला मी चूक म्हणू शकले नाही, अजूनही म्हणत नाही.

फोंड्याहून : काल आईला विचारलं, मुंडकार स्वतःविषयी बोलताना ‘बसवलं’ म्हणत का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ते आमच्यासमोर स्वतःविषयी कधी बोललेच नाहीत.

पुण्याहून : कोशात ‘बसवणे’चा हा अर्थ द्यायचा तर कसा द्यावा?

डिचोलीहून : ‘बसवणे (गोवा) : आपल्या भाटात दुसऱ्याला घर करू देणे.’ आणि पुढे कंसात इतकंच : ‘भाटकाराच्या तोंडी.’