मदत हवी आहे: महापालिका शाळेत वाचलेल्या विजेचे पैसे शाळेलाच कसे मिळवून देता येतील?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. मुलगी महापालिकेच्या शाळेत तिसरीला आहे आणि यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलंय. काम वायरमनचं, त्यामुळं पहिल्याच बैठकीत माझं लक्ष पंख्यांकडं गेलं.

मागच्या महिन्यात शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मीटरचं रीडिंग लिहून घेतलं. सोमवारी सकाळी शाळा भरायच्या आधी परत बघितलं. 42 तासांत 22 युनिट पडले होते, तेही बंद शाळेत. शोधलं तर मैदानाकडच्या भिंतीवर 500 वॅटचा हॅलोजन. त्याचं बटण ऑफिसात आणि ऑफिसला कुलूप. रविवारी भर दुपारी उन्हात तो दिवा जळत होता.

वर्गांतले पंखे जुने, 75 वॅटचे. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या पंख्याला साधारण 30 वॅट लागतात. आमचे 24 पंखे रोज 6 तास, वर्षाला 200 दिवस धरले तरी जवळपास 1,300 युनिटांचा फरक पडतो. ट्यूबही जुन्या चोकच्या. आपल्याकडं जून-जुलैत आभाळ भरलं की वर्गात फळा दिसत नाही, त्या दिवसभर लावाव्याच लागतात. मुलांना अंधारात बसवून मला बचत करायची नाही, हे आधीच सांगतो.

हे सगळं मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दादा, बिल आमच्याकडं येतंच कुठं? ते परस्पर महापालिकेत भरलं जातं." त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. किती बिल आलं हे शाळेला कळत नाही, आणि वाचलं तरी शाळेच्या हाती काही पडत नाही. मग रोज बटणं बघत फिरायचं कुणी आणि कशासाठी?

जर्मनीत हांबुर्ग शहरानं 1994 साली 'फिफ्टी-फिफ्टी' नावाची योजना काढली. शाळेनं वीज, पाणी, हीटिंगचा खर्च कमी केला की वाचलेल्या रकमेतला निम्मा वाटा शाळेला, बाकीचा शहराकडं. मला असंच काहीतरी इथं हवंय, अगदी एका शाळेपुरतं का होईना.

तर विचारायचं असं, की असा अर्ज कुणाच्या नावानं करायचा? प्राथमिक शिक्षण समितीकडं, की महापालिकेच्या विद्युत विभागाकडं? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं समिती शाळा विकास आराखडा करते, त्यात हे घातलं तर वजन पडेल का? कुठल्या महापालिकेनं किंवा नगरपालिकेनं बचतीचा वाटा शाळेला दिल्याचं कुणाच्या बघण्यात आहे का? सोलरचं बरेचजण सुचवतील. ते पुढं करूच, पण आमचं अर्धं छप्पर कौलारू आहे, आणि आधी वाया जाणारी वीज थांबवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एका ताईंनी सुचवल्याप्रमाणं ग्राहक क्रमांक शोधला आणि महावितरणच्या साइटवर बिल बघितलं. दर चुकीचा लागलाय का अशी शंका होती, पण तो सार्वजनिक सेवेचाच लागलाय. पण शाळेच्या नावावर दुसरंही एक मीटर निघालं! ज्या खोलीसाठी ते घेतलं होतं ती कधीच पाडली. युनिट शून्य, तरी स्थिर आकार दर महिन्याला पडतोय. ते पीडी, म्हणजे कायमचं बंद करायला अर्ज महापालिकेनंच द्यायला हवा, कारण ग्राहक तीच. म्हणजे पहिला अर्ज याचाच करतो.

हॅलोजन काढून बाईंच्या परवानगीनं टायमरसह 50 वॅटचा एलईडी लावलाय, मजुरी घेतली नाही. रीडिंगची वही आता सातवीची मुलं लिहितात, सकाळी एकदा आणि सुटताना एकदा.

समितीची बैठक येत्या शनिवारी आहे. कुणाकडं अशा ठरावाचा नमुना असेल तर त्याआधी इथंच टाका.