फील्ड थिअरी शिकवताना फाइनमन आकृत्या आधी हव्यातच का?

नौपाडा: ठाण्यातल्या आमच्या रविवारच्या अभ्यासगटात एमएस्सीची मुलं येतात. फील्ड थिअरीची, म्हणजे कणांकडे क्षेत्रांची कंपनं म्हणून पाहणाऱ्या सिद्धांताची, त्यांची सुरुवात फाइनमन आकृत्यांपासून, म्हणजे कणांच्या टकरीचं गणित मांडणाऱ्या रेषाचित्रांपासून, करू नये, असं माझं ठाम मत आहे. दोन ग्लुऑन (क्वार्कांना बांधून ठेवणारे कण) आदळून चार बाहेर पडतात, एवढ्यालाच ट्री पातळीवर (आकृतीत एकही बंद वेटोळं नसताना) २२० आकृत्या लागतात. सुटी आकृती गेजवर (गणिताच्या सोयीसाठी आपणच केलेल्या निवडीवर) अवलंबून, त्यामुळे तिला स्वतःचा भौतिक अर्थही नाही. बेरीज केली की बहुतेक पदं कटतात. दोन ग्लुऑनांची हेलिसिटी (गतीच्या दिशेच्या तुलनेत स्पिनची दिशा) बाकीच्यांच्या उलट असेल, तर ग्लुऑन कितीही असोत, उत्तर एका ओळीत मावतं. हे पार्क-टेलर सूत्र १९८६चं. मग मुलांना आधी त्या रानात का सोडायचं?

ऐरोली: अहो, पण पार्क-टेलरना ते सूत्र सुचलं कधी? सहा ग्लुऑनचं गणित आधी घाम गाळून केल्यावर! सिद्धताही दोन वर्षांनी आली, बेरेंड्स आणि गीलेंची. २०१३च्या अ‍ॅम्प्लिट्यूहेड्रॉनचं (टकरीचं उत्तर एका भौमितिक आकारातून काढण्याच्या कल्पनेचं) कौतुक मलाही आहे, पण तो ज्या महासममित (प्रत्येक कणाला जोडीदार कण मानणाऱ्या) सिद्धांतात चालतो तो निसर्गात दिसत नाही. आपल्या मुलांना आधी भाभा स्कॅटरिंग यायला हवं. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर, दोन आकृत्या, विषय संपला.

घणसोली: मी विद्यार्थिनी आहे. कपलिंग (परस्परक्रियेची ताकद) ऊर्जेनुसार का बदलतं, हे मला लूपची (बंद वेटोळ्याची) आकृती काढल्यावरच कळलं.

नौपाडा: होमी भाभांनी ते गणित १९३६ साली छापलं, तेव्हा फाइनमन आकृत्या जन्मालाही आल्या नव्हत्या! आणि लूपचं म्हणाल, तर १९९४पासून बर्न, डिक्सन, डनबार, कोसोवर यांच्या युनिटॅरिटी पद्धतीत लूप कापून ट्री अ‍ॅम्प्लिट्यूडमधूनच (ज्यांवरून टकरीची शक्यता निघते त्या ट्री पातळीच्या राशींमधूनच) उत्तर बांधतात. एलएचसी या कण आदळणाऱ्या यंत्रासाठीची गणितं अशी होतात. २०१९मध्ये बर्न आणि सहकाऱ्यांनी याच वाटेने दोन कृष्णविवरांमधल्या गुरुत्वीय आकर्षणाची न्यूटनच्या गुरुत्वस्थिरांकाच्या तिसऱ्या घातापर्यंतची दुरुस्ती काढली. याला निसर्गात न दिसणारा, खेळण्यातला सिद्धांत कसं म्हणणार?

ऐरोली: उपयोगाबद्दल माझं दुमत नाहीच, वाद क्रमाचा आहे. बीसीएफडब्ल्यू रिकर्शनच्या (मोठ्या टकरीचं उत्तर लहान टकरींच्या उत्तरांतून बांधणाऱ्या पद्धतीच्या) एकेका पदात खोटे ध्रुव (उत्तर अनंत होण्याच्या भलत्याच जागा) येतात, तेही बेरजेतच जातात. म्हणजे गेजचा गोंधळ टाळला, पण परस्परक्रिया एकाच बिंदूवर घडते ही गोष्ट नजरेआड झाली. नवख्या मुलाला ती आकृतीत थेट दिसते.

नौपाडा: खोट्या ध्रुवांचं मान्य. तरी रंगाचा (ग्लुऑनांच्या 'रंग' नावाच्या भाराचा) भाग वेगळा काढूनसुद्धा सहा ग्लुऑनना ३८ आकृत्या उरतात, रिकर्शनने दोन-तीन पदं. मी चार ग्लुऑनपासूनच सुरू करणार.